जाळला तरी फुटतो म्हणे

मी तेंदू बोलतोय. मी झाड आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण तुमच्यातली शिकलीसवरली माणसंही मला झुडूप म्हणतात.

दरेकसा स्टेशनवरून सुटणाऱ्या गाडीची शिट्टी ऐकू येईल एवढ्या अंतरावर एक टोला, म्हणजे छोटी वाडी, आहे. त्या टोल्याच्या मागे टेकडी, आणि टेकडीच्या मधल्या अंगाला म्हशीच्या पाठीसारखा एक काळा खडक. त्या खडकाच्या खालच्या बाजूला मी उभा आहे. ‘उभा’ हा शब्द मला अलीकडेच वापरता येऊ लागला आहे. त्याआधी कित्येक वर्षं मी नुसता फुटत होतो.

तुम्हाला हे फुटणं फार आवडतं. तुमच्या शाळेच्या भिंतींवर, सत्काराच्या भाषणांत, नेहमी कोणीतरी राखेतून वर येत असतं आणि समोर बसलेले टाळ्या वाजवत असतात. राख कोणी केली, हे त्या टाळ्यांमध्ये कोणी विचारत नाही. मी विचारणार आहे. ऐकायचं नसेल तर इथूनच परत जा. टेकडी चढायचे तुमचे कष्ट वाचतील.

माझा जन्म अस्वलाच्या पोटातून झाला. नाक मुरडू नका. तेंदूच्या फळाला इथे टेंभरं म्हणतात. पिवळं, चिकट, गोड असतं. एका अस्वलाने ती पोटभर खाल्ली आणि खडकाजवळ येऊन बी टाकून गेलं. खत त्याच्यासोबतच होतं. ना प्लास्टिकची पिशवी, ना फीत कापायला साहेब. पहिल्या पावसात मी जमिनीच्या वर बोटभर आलो आणि खाली हातभर गेलो. आम्ही असेच असतो. आधी खालची सोय बघतो.

ही सोय मला पहिल्याच उन्हाळ्यात कामी आली. आग आली. वरचं बोटभर गेलं, खालचं राहिलं. पाऊस पडायच्या आत मी पुन्हा वर आलो. तेव्हा मला वाटलं होतं, झाला एकदा अपघात. मी लहान होतो. माणसं एखादी गोष्ट दरवर्षी, ठरवून, त्याच महिन्यात करू शकतात, हे मला अजून माहीत नव्हतं.

ही पद्धत समजून घ्या, कारण तुमच्या तोंडातल्या विडीची सुरुवात तिथून होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये टेकडी पेटवायची. जे जळत नाही ते कोयत्याने बुडापासून छाटायचं. मग एप्रिलअखेर आम्ही कोवळी पानं काढायची. मे महिन्यात माणसांनी ती तोडायची, घरी नेऊन त्यांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी ते फळीवर, म्हणजे ठेकेदाराच्या पानं मोजून घेण्याच्या जागेवर, नेऊन वाळत घालायचे. पुढे त्या पानात तंबाखू गुंडाळून तुम्ही पुन्हा एकदा काडी लावता. एकाच वर्षात दोनदा जळण्याचा मान तुम्ही दुसऱ्या कुठल्या झाडाला दिला आहे का?

टोल्यातल्या प्रत्येकाचा पक्का समज होता की आग लावल्याशिवाय तेंदूला पान येत नाही. का येत नाही, हे कोणी सांगू शकत नव्हतं. आजोबा लावत होते म्हणून बाप लावत होता. आग न लावता काय होतं, हे एकदा तरी बघावं, असं तीन पिढ्यांत कोणाच्याही डोक्यात आलं नाही. आणि स्वतःला विचार करणारा प्राणी म्हणवतात.

१९९९ साल मला नीट आठवतं. त्या मे महिन्यात पानं तोडणाऱ्या बायका एकमेकींना सांगत होत्या की आता आपण भंडारा जिल्ह्यात नाही, गोंदिया वेगळा जिल्हा झाला. एकीने विचारलं, मग फळी कुठे राहील? दुसरी म्हणाली, जिथे आहे तिथेच. मग पहिलीने हाताने माशी उडवावी तसं केलं आणि पुन्हा माझ्याकडे वळून पान खुडलं. माझ्याबद्दल एवढंच बदललं की मी आता दुसऱ्या जिल्ह्यात जळणार होतो.

त्या बायकांत रुक्माबाई होती. तिच्यासोबत तिची सात-आठ वर्षांची मुलगी मोनाली असायची. माझ्या सावलीत बसायची सोय नव्हती, कारण मला सावलीच नव्हती. ती खडकाच्या सावलीत बसायची आणि आईने आणून टाकलेल्या पानांचे देठ सारखे करायची. रुक्माबाईचा नवरा हिरालाल. या टेकडीवर पहिली काडी तो लावायचा. गावात असं मानत की हिरालालच्या हातची आग सरळ चालते, वाकडी पळत नाही. त्याने पेटवली की बाकीचे पेटवायचे. तो थांबला तर सगळे थांबायचे. तसा माणूस वाईट नव्हता. कोणाच्या अध्यात ना मध्यात. घरात बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, रोज त्यांना अगरबत्ती. आणि फाल्गुनात आम्हाला काडी. दोन्ही सारख्याच शांतपणे.

आता मी फुटतो कसा, ते सांगतो, म्हणजे तुमचं कौतुक जरा उतरेल. जिथे खोड संपून मूळ सुरू होतं तिथे, मातीखाली, माझी एक जाड गाठ आहे. तिच्या सालीखाली कोंबांचे डोळे मिटून पडलेले असतात. वरचं खोड जिवंत आहे तोवर ते झोपलेले. खोड जळलं किंवा कापलं की ते जागे होतात. एवढंच. यात शौर्य नाही. घराला आग लागल्यावर माणूस नेसत्या कपड्यांनिशी बाहेर पळतो, त्याला तुम्ही यात्रा म्हणत नाही.

आणि ते कोंब फुकट येत नाहीत. पावसाळाभर पानांनी उन्हात राबून जे अन्न केलेलं असतं ते मुळांत साठवलेलं असतं. ते खरवडून मी कोंब वर ढकलतो. साठा भरायचा तर पानं अंगावर राहायला हवीत. ती तुम्ही मे महिन्यात खुडून नेता. मग मी आणखी खरवडतो. दुसरी पानं काढतो. ती पावसाळ्यात जरा कामाला लागतात, हिवाळा काढतात, तोवर पुन्हा मार्च. माझी गाठ माणसाच्या मांडीएवढी झाली होती आणि वर काडी करंगळीएवढी. मी टेकडीवरचा म्हातारा होतो, आणि लोक माझ्यावरून पाय टाकून पलीकडे जात होते.

थंडीही मला छळते. डिसेंबर-जानेवारीत या डोंगरात कडाका पडतो, तेव्हा कोवळा शेंडा काळा पडून झुकतो. मग खालच्या डोळ्यातून बाजूला एक फांदी काढावी लागते. पण थंडीवर माझा राग नाही. ती येते, छळते, जाते. नंतर येऊन माझ्या चिवटपणावर बोलत नाही.

बोलायचे ते बकाराम. हिरालालचे शेजारी, वयाने मोठे, गप्पिष्ट. राखेतून माझी लाल पालवी निघाली की कमरेवर हात ठेवून म्हणायचे, “याले कितीही जाळा, फुटतेच. याचं काही नाई होत.” आणि रुक्माबाईबद्दलही ते अगदी याच सुरात बोलायचे. एका हंगामात ती अंगात ताप घेऊन पानं तोडायला आली. डोळे लाल, ओठ फुटलेले. बायकांनी बकारामना सांगितलं तर म्हणाले, लोखंडाची बाई आहे, तिला काही होत नाही. ती सांजेपर्यंत राबली. मला तेव्हा कळलं की या भाषेत ‘काही होत नाही’ हे ज्याला होतं त्याला विचारून म्हणत नाहीत.

२००५ च्या सुमारास टेकडीच्या खालच्या अर्ध्या भागात वनखात्याने रोपवन करायचं ठरवलं. साहेब आले. त्यांनी आमच्याकडे बघून सांगितलं की ही निरुपयोगी झुडपं साफ करून इथे जंगल उभं करू. जंगलात उभं राहून त्यांनी हे सांगितलं. मग माणसं लागली. माझ्या खालच्या बाजूचे भाऊबंद मुळांसकट खणले गेले, खड्डे झाले, पिशवीतली रोपं लागली, एका रोपाला साहेबांनी स्वतः पाणी घातलं आणि फोटो निघाला. दुसऱ्या उन्हाळ्यात रोपं वाळली. पण खणताना जी मुळं तुटून मातीत राहिली होती त्यांतून माझे भाऊबंद पुन्हा वर आले. पुढच्या पावसाळ्यात दुसरे साहेब आले, लांबून हिरवं पाहिलं, रोपवन छान साधलं म्हणाले आणि गाडीतून न उतरता गेले. त्यांच्या फोटोत आम्ही आहोत. नाव मेलेल्यांचं आहे.

आणखी दोन वर्षांत मोनाली गोंदियाच्या कॉलेजात जाऊ लागली. सकाळच्या गाडीने जायची, संध्याकाळच्या गाडीने यायची. विषय वनस्पतिशास्त्र. मे महिन्यात मात्र पानं तोडायला माझ्याकडेच. पण आता ती पान खुडता खुडता थांबायची आणि माझ्या बुडाशी माती उकरून बघायची. आई म्हणायची, हात चालव. ती म्हणायची, माय, हे झुडूप तुझ्यापेक्षा मोठं असेल. आई म्हणायची, असू दे, आज तोडायचं की त्याचं वय मोजायचं?

२०१० च्या थंडीत टेकडीच्या वरच्या अर्ध्याचा, म्हणजे माझा, प्रश्न आला. तिथेही झुडपं काढून रोपवन करावं, असा प्रस्ताव होता. या वेळी मात्र हो म्हणायचं की नाही हे ग्रामसभेने ठरवायचं होतं. सभा शाळेच्या ओसरीवर झाली. मी तिथे नव्हतो, पण बायका पुढे महिनाभर टेकडीवर त्याच सभेचं बोलत होत्या, त्यामुळे मला सगळं ठाऊक आहे.

मोनालीने सभेत एक उपटलेलं तेंदूचं मूळ नेऊन ठेवलं. जुन्या खड्ड्यातून काढलेलं, माझ्या एका भावाचं. मांडीएवढी गाठ, तिच्यावर काडी. तिचं म्हणणं सरळ होतं. टेकडीवर जंगल लावायची गरज नाही, ते जमिनीखाली आधीच आहे. आपण त्याला वर येऊ देत नाही. जाळणं आणि छाटणं थांबवा, खड्डे खणू नका, ते आपोआप उभं राहील.

बकाराम मुळाकडे बघून म्हणाले, “चुलीत मस्त जळंल हे.” सभा हसली. चुन्नीलालही हसला. हा फळीवरचा मुनशी, ठेकेदाराचा माणूस, पुडे मोजून घेणारा. तो म्हणाला, “बेटी, आग नही लगेगी तो पत्ता कहाँ से आएगा? कॉलेज में पत्ता पेपर पे निकलता होगा.” पुन्हा हशा. मग मोनाली चिडली आणि लांब भाषण करू लागली. त्या भाषणात तिनेही मला ‘चिवट’ म्हटलं आणि तरुणांनी माझ्यापासून शिकावं वगैरे म्हटलं. जाळणं थांबवायला उठलेल्या मुलीलाही जळणाऱ्याचं कौतुक केल्याशिवाय राहवलं नाही. तेवढं सोडून बाकीचं भाषण बरं होतं.

भाषणाने काही झालं नसतं. झालं ते हिरालालमुळे. तो मागे भिंतीला टेकून बसला होता. म्हणाला, या वर्षी मी काडी लावत नाही. पोरगी एवढी म्हणते तर एक साल बघू.

ज्याच्या हातची आग तोच नाही म्हटल्यावर बाकीच्यांच्या काड्याही खिशात राहिल्या. सभेने ठरवलं, या वर्षी वरच्या टेकडीवर आग नाही आणि कोयता नाही. आगीशिवाय पान आलं तर टेकडी तशीच राहील. नाही आलं तर मोनालीने पुन्हा तोंड उघडायचं नाही आणि टेकडी खड्ड्यांना द्यायची. माझं मुळांसकट खणलं जाणं किंवा न जाणं या एका उन्हाळ्यावर येऊन थांबलं.

फेब्रुवारी आला. काही झालं नाही. मार्च आला. काही झालं नाही. तुम्हाला हे कळणार नाही. माझं खोड, आदल्या वर्षीचं, तेच खोड, अजून अंगावर होतं. त्याची साल काळी, खरबरीत होऊ लागली होती. माझ्या आयुष्यात मला कधी साल आली नव्हती. मला माझंच अंग परकं वाटत होतं. मोनाली दर रविवारी दोन-चार मैत्रिणींना घेऊन यायची आणि टेकडीच्या कडेने पालापाचोळा झाडून मोकळी पट्टी करायची, म्हणजे बाहेरून आग आली तर ती तिथे विझावी. वरच्या बाजूला झाडली, रस्त्याच्या बाजूला झाडली, पलीकडच्या गावाच्या बाजूला झाडली. खालच्या बाजूला, जिथे तिच्या घरचंच शेत आणि शेताच्या बांधावर घरचंच मोहाचं झाड होतं, तिथे झाडली नाही. घरच्या बाजूने आग येईल असं तिला वाटलं नाही. मला वरून दिसत होतं. मला हात असते तर मी तिच्या पाठीत धपाटा घातला असता.

एप्रिल लागला आणि मोहाची फुलं गळू लागली. ही फुलं पहाटे पडतात आणि पाचोळ्यात पडली की सापडत नाहीत. म्हणून इकडे प्रत्येकजण आपल्या मोहाखालचा पाचोळा झाडून जाळतो आणि जमीन स्वच्छ करतो. हिरालालनेही त्या सकाळी तेच केलं. खराट्याने गोल झाडलं, काडी लावली, खाली बसून जळेपर्यंत बघत राहिला, पायाने निखारे दाबले आणि जयंतीच्या मंडपासाठी बांबू आणायला गेला. त्याने दिलेला शब्द मोडला असं त्याच्या मनातही आलं नाही. त्याच्या लेखी ती आग नव्हतीच. अंगण झाडल्यावर आपण कचरा टाकतो, तसं ते होतं.

उन्हं चढल्यावर वारा सुटला. मोहाच्या मुळाच्या खोबणीत एक निखारा राहिला होता. तो पाचोळ्यात पडला, पाचोळा टेकडीकडे पेटत आला. आणि आता तर टेकडीवर वर्षभराचा पाला साठलेला. सरळ चालणारी हिरालालची आग त्या दिवशी पळत आली.

रुक्माबाई शेतावर होती. तिने ओरडून टोल्याला हाक दिली आणि कोणी यायची वाट न बघता पळसाची ओली फांदी मोडून आगीला झोडपू लागली. तिच्या पायात चप्पल होती ती रबराची. ती वितळून तळव्याला चिकटली तरी बाई मागे हटली नाही. मोनालीची मोकळी पट्टी उरलेल्या तीन बाजूंना होती, चौथ्या बाजूला तिची आई होती. लोक धावून आले तोवर तिने आग काळ्या खडकापाशी अडवली होती. खडकाच्या वरची टेकडी वाचली. मी खडकाच्या खाली. माझं एका वर्षाचं खोड, माझी पहिली साल, उभी जळाली.

मी तिच्यावर रागावलो नाही. तिने खडक निवडला तो बरोबरच निवडला. मी असतो तर मीही तोच निवडला असता.

हिरालाल परत आला तेव्हा बायको खडकाला टेकून बसलेली, डावा पाय उचलून धरलेली, आणि भोवती सगळा टोला. बकाराम म्हणत होते, शब्द दिला होता हिरालालने. हिरालाल म्हणाला, “म्या टेकडी नाई पेटवली. मोहाखालचा कचरा जाळला. थे आग होय का?”

आणि तो खोटं बोलत नव्हता. हेच भयंकर होतं. त्या सकाळी तेवढाच कचरा प्रत्येकाने आपापल्या मोहाखाली जाळला होता.

मोनाली आईचा पाय मांडीवर घेऊन रबर सोडवत होती. ती वर न बघता म्हणाली, “बाबा, टेकडीले काय मालूम, कोनती आग मोहाची आन कोनती पत्त्याची?”

 बकारामना बोलल्याशिवाय राहवलं नाही. माणसांना राहवत नाही. ते रुक्माबाईकडे बघून धीर द्यायला म्हणाले, काही नाही होत, लोखंडाची बाई आहे, आठ दिवसांत उभी राहील आणि पत्ता तोडायला पहिली येईल.

रुक्माबाईने मान वर केली. ती ओरडली नाही. “मी का तेंदूचं झुडूप आहो का, भाऊजी? जाळलं का फुटली, जाळलं का फुटली. माहा पाय दुखून रायला. कोनी पुसलं?”

मी माझ्या वरच्या अंगाने त्या वेळी कोळसा होतो. तरी सांगतो, इतक्या वर्षांत माझ्या बाजूने बोललेलं पहिलं वाक्य ते होतं, आणि ते माझ्यासाठी बोललेलंच नव्हतं.

हिरालाल तिच्या पायाशी बसला. तळवा बघितला. मग विचारलं, लय दुखते का. एवढं विचारायला त्याला वीस वर्षं लागली असावीत. तिने हो म्हटलं. त्याने तिला पाठुंगळी घेतलं आणि टेकडी उतरला.

त्या हंगामात रुक्माबाई पानं तोडायला आली नाही. पहिली सोडा, शेवटचीही आली नाही. टोल्याला ते विचित्र वाटलं. लोखंड घरी बसलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

पण पान आलं. खडकाच्या वर, जिथे काडी लागली नव्हती, तिथे ते वेळेवर आलं, रुंद, स्वच्छ, डाग नसलेलं. चुन्नीलालने फळीवर ते उलटून पालटून पाहिलं आणि खोट न काढता चांगल्या ढिगात ठेवलं. चुन्नीलालने खोट काढली नाही म्हणजे पान चांगलं होतं. खडकाच्या खाली आम्हीही फुटलो, नेहमीसारखे, मुळं खरवडून. पण आमची पानं हाती येईतो वादळी पाऊस सुरू झाला आणि फळी बंद झाली. एका खडकाच्या दोन बाजू. तीन पिढ्यांनी जे एकदाही करून बघितलं नव्हतं ते आता आंधळ्यालाही दिसलं असतं. बायका वर तोडायच्या, खाली बघायच्या, आणि हसायच्या. त्या हसण्यात थोडी लाज होती. थोडीच.

पुढच्या सभेत खड्ड्यांचा प्रस्ताव नाकारला गेला. मोनालीने भाषण केलं नाही, शिकत होती ती. हिरालाल उठला आणि म्हणाला, मोहाखालीही काडी नको. मग फुलं कशी वेचायची, असं सगळ्यांनी विचारलं.  पुढच्या चैत्रात त्याच्या मोहाखाली रुक्माबाईची जुनी लुगडी शिवून अंथरलेली दिसली. फुलं त्यांवर पडायची, पहाटे चारी टोकं उचलली की झालं. बाकीच्यांनी आधी चेष्टा केली, हिरालालने मोहाला लुगडं नेसवलं म्हणाले. दोन वर्षांत सगळ्या मोहांखाली लुगडी आली. एवढ्यासाठी एवढी वर्षं टेकडी पेटत होती. एवढ्यासाठी.

सगळं गोड झालं असं समजू नका. वाटसरू विडी टाकतात, पलीकडच्या गावची आग अजून एखाद्या वर्षी कडेपर्यंत येते, आणि दर मार्चमध्ये कोणीतरी म्हणतंच की या साली जरा जाळून बघायचं का, पान जास्त येईल. मोनाली आता सौंदडला शिकवते. सुटीत आली की पट्टी झाडते, चारही बाजूंनी. रुक्माबाईच्या पायाची जखम भरली, पण तळव्याची कातडी आखडली. चढाला ती पाय वाकडा टाकते. तिला कोणी लोखंडाची म्हणत नाही. निदान तिच्यासमोर नाही.

आणि मी? त्या आगीनंतर मला कोणी छाटलं नाही, जाळलं नाही. एकदा मोकळीक मिळाल्यावर मांडीएवढ्या गाठीने वर जे ढकललं ते तुम्ही पाहायला हवं होतं. दुसऱ्या वर्षी मी रुक्माबाईच्या कमरेला लागलो, पुढे डोक्याच्या वर गेलो. माझी साल आता काळी आणि चौकटीचौकटीने फुटलेली आहे. माझ्याखाली सावली पडते. २०१८ च्या उन्हाळ्यात मला पहिली टेंभरं आली. थोडीच. पन्नासेक वर्षांच्या मुळाचं पहिलं फळ.

त्या मे महिन्यात रुक्माबाई आणि बकाराम वर आले होते. बकाराम आता काठी टेकतात. त्यांनी माझ्याकडे वर बघितलं, कमरेवर हात ठेवला, आणि मी ओळखलं की आता काय येणार. “पाहा, किती जाळला तरी शेवटी—”

“जाळला म्हनून नाई आला, भाऊजी,” रुक्माबाई म्हणाली. “सोडला म्हनून आला.”

तिने एक टेंभरं तोडलं, दातांनी फोडलं, तोंड वाकडं केलं. अजून पिकलं नव्हतं. “तुरट आहे,” म्हणाली, बी थुंकली आणि वाकड्या पायाने खडकावर चढून पुढे गेली. तिने मला शाबासकी दिली नाही. सावलीत बसली नाही. मला ती बाई आवडते.

आता तुम्हाला सांगायचं ते एवढंच. माझ्यावर कविता करू नका. मुलांना माझ्यापासून काही शिकवू नका, आणि शिकवायचंच असेल तर खिशातल्या काडीबद्दल शिकवा. ज्याला ‘काही होत नाही’ असं तुम्ही म्हणता, त्याला एकदा विचारून बघा. टेकडी चढून मला बघायला येण्याची गरज नाही. मी बरा आहे.

परवा यंदाची फळं पिकून पडली. पहाटे अस्वल आलं. सगळी खाल्ली, माझ्या सालीवर पाठ घासली आणि खालच्या खड्ड्यांच्या दिशेने निघून गेलं. काही बोललं नाही.